मागच्या पायरीवरची प्रार्थना

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सगळ्यात आधी आली ती ओसी बोलिंग. आमच्या ग्रासी फोर्क गावात तिच्याआधी कोणी कुठे पोचलंय असं कधी झालेलं नाही. कुणाकडे मयत झाली तरी घरच्यांच्या आधी ओसी व्हरांड्यात हजर. कोटसुद्धा काढला नाही बाईने, तशीच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "व्हर्डी, ऐकलंस का? सरकार आपल्या चर्चला पैसे देणार!"

मी म्हटलं, "का गं? आपण काय केलंय?" कारण सरकार आमच्याकडे आलं म्हणजे काहीतरी घेऊनच गेलंय आजवर. कधी रस्त्याला जमीन, कधी लढाईला कुणाचा मुलगा.

"अगं तुझ्या गुरुवारच्या जेवणासाठी!"

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात मी येईल त्याला जेवू घालते, ते. मी पिठाचे हात तसेच गालांना लावले. तेवढ्यात पास्टर आले. गार्लंड टॅकेट. लोकांसमोर मी त्यांना पास्टर म्हणते, पण वहीत कशाला, लहानपणी मी त्याचं नाक पुसलंय. तो म्हणाला, "व्हर्डीमावशी, चर्चच्या तळघरात नवी मोठी चूल येणार, गरम हवेची भट्टी येणार. आता फक्त गुरुवारी नाही, हिवाळाभर रोज. ज्याच्या घरात गारठा असेल त्याने सकाळी येऊन बसावं, जेवावं, रात्री घरी जावं."

मला पहिला आठवला तो एस्टिल. एस्टिल नेपियर, वरच्या वळणावर एकटा राहतो. खाणीत जन्म गेला, कोळशाची धूळ छातीत जाऊन बसलीय. घरात कोळशाचीच शेगडी. पेटवली तर खोकतो, विझवली तर गारठतो. डॉक्टर म्हणतो धुरापासून लांब राहा आणि थंडीपासूनही लांब राहा. डॉक्टरला म्हणावं मग याने हिवाळ्यात राहायचं कुठे? आता उत्तर मिळालं. आमच्या तळघरात.

ही वही नातीने दिलीय, केलिनने. ती लेक्सिंग्टनला कॉलेजात शिकते. म्हणाली, "मॅमॉ, रोज लिही." मी तिसरी शिकलेली बाई, रोज काय लिहिणार? काही घडलं की लिहीन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज बीन्सचं कालवण, मक्याचा पाव, तळलेले बटाटे आणि माझं कोबीचं लोणचं. ओसीने लोणच्याला नाक मुरडलं आणि दोनदा घेतलं.

केलिन विचारते की एस्टिल प्रार्थना करत नाही तर चर्चमध्ये जेवतो कसा. तिला कळावं म्हणून लिहिते. त्याचा भाऊ खाणीत गाडला गेला तेव्हा, त्या वेळचे म्हातारे पास्टर शवपेटीपाशी उभे राहून म्हणाले की देवाचीच तशी इच्छा होती. एस्टिल तिथून उठला तो परत कधी प्रार्थनेला बसला नाही. भांडला नाही, शिवी दिली नाही. जेवायला येतो, पण आम्ही हात धरून उभे राहिलो की आपण होऊन मागच्या दाराने पायरीवर जातो. पाऊस असो, बर्फ असो. तिथे टोपी काढून उभा राहतो. आमेन झालं की मी मोठ्या पातेल्याच्या झाकणावर पळीचे दोन टोले देते. मग आत येतो आणि दरवेळी विचारतो, "काय म्हणाला देव?"

मी म्हणते, "हात धू आणि बस म्हणाला."

इतकी वर्षं हेच. कुणाला कधी हसू आवरलेलं नाही. मग जेवून तोच पातेली घासतो.

आज मी त्याला भट्टीचं सांगितलं. म्हणाला, "धूर नाही येणार?" म्हटलं, "धुराचा वासही नाही." जाताना त्याने झाकणावर बोटांनी दोन टोले मारले. हा माणूस एवढाच आनंद करतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पाहुणे आले! राजधानीहून व्हिटेकर बाई आणि बरोबर फोटो काढणारा एक माणूस. बाईंचे बूट चामड्याचे, आमच्या चिखलात बिचारे. मी त्यांना सगळ्यांत आधी जेवायला वाढलं तर म्हणाल्या, "आजी, मी कामावर आहे." म्हटलं, "मग भूक सुट्टीवर आहे का?" हसल्या. जेवल्या.

गोड बाई. आम्हाला समजावून सांगितलं की सरकारचा पैसा भाकरीला चालतो, प्रार्थनेला चालत नाही. मी म्हटलं, "बाई, प्रार्थनेचे आम्ही कधी पैसे घेतलेच नाहीत." फोटोवाला हसून भिंतीला टेकला. बाई म्हणाल्या, तसं नाही. जेवण सगळ्यांचं, प्रार्थना ज्याला हवी त्याची. दोन्ही एकमेकांत गुंतवायचं नाही, प्रार्थनेवाचून कुणाची अडवणूक करायची नाही.

मला तर अभिमानच वाटला. म्हटलं, "आमच्याकडे कुणाची अडवणूक नाही. तुम्हाला दाखवते." आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. प्रार्थनेची वेळ झाली होती, बाहेर गारा पडत होत्या. एस्टिल पायरीवर टोपी हातात धरून उभा.

"हे कोण?"

"आमचा प्रार्थना न करणारा. फार सभ्य माणूस."

"हे बाहेर थंडीत उभे राहतात? आत प्रार्थना होईपर्यंत?"

"हो हो, दर गुरुवारी! कधी चुकवत नाही."

बाईंनी लगेच लिहून घेतलं. माझं बोलणं आजवर कुणी असं लिहून घेतलेलं नाही. मग त्या गार्लंडला कोपऱ्यात घेऊन बराच वेळ बोलल्या. फोटोवाल्याने खिडकीतून एस्टिलचा फोटोही काढला. मी ओसीला म्हटलं, बघ, एस्टिलने चांगली छाप पाडली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

चूल आली!! सहा शेगड्या, आरशासारखं पोलाद. मी तिच्यात तोंड पाहिलं आणि म्हटलं, व्हर्डी, तू म्हातारी झालीस पण चूल तरुण आहे. भट्टी तर परवाच बसली. तळघरात मी आज अंगातला स्वेटर काढला, नोव्हेंबरात!

काल थँक्सगिव्हिंगला सगळे जेवायला होते. एस्टिल सकाळपासून भट्टीच्या जाळीपाशी खुर्ची टाकून बसला. खोकला नाही म्हटलं तरी चालेल. ओसीने टर्कीत मीठ जास्त घातलं हे मी बोलणार नव्हते, पण वहीला सांगते.

जेवणानंतर गार्लंडने बैठक घेतली. म्हणाला की सरकारकडून समज मिळालीय, आता जेवणाच्या खोलीत प्रार्थना बंद. भिंतीवरच्या येशूच्या चित्रावर त्याने चादर टाकली. म्हटलं, "अरे, हे पण सांगितलं का बाईंनी?" म्हणाला, "सांगितलं नाही मावशी, पण सावध असलेलं बरं."

मग प्रार्थना कुठे? कुणीतरी म्हणालं, वर चर्चमध्ये जाऊ. तर ओसी उठली. "वर? माझ्या नव्या गालिच्यावर? चिखलाचे बूट घेऊन?" गालिचा तिने दिवंगत नवऱ्याच्या नावाने दिलाय. सगळ्यांनी गालिच्याचा मान राखला. शेवटी ठरलं की प्रार्थना मागच्या पायरीवर. तेवढी जागा सरकारची नाही.

ओसी म्हणाली, "पहिल्या ख्रिस्ती लोकांना सिंहांसमोर टाकलं होतं." म्हटलं, "आपल्याला पायरीवर टाकलंय, बरंच स्वस्तात सुटलो."

गुरुवार, ४ डिसेंबर

आज पहिल्यांदा बाहेर. बर्फ पडत होतं. पायरीवर सगळे मावले नाहीत म्हणून निम्मे कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे. ओसीने मुद्दाम लांबलचक भजन धरलं, एक ओळ ती म्हणणार, तीच मागून आम्ही. रस्त्यावरच्या गाड्या थांबायला लागल्या तशी तिने आणखी कडवी काढली. पण छान वाटलं हो. बर्फात आवाज फार गोड येतो.

एस्टिलला गंमत वाटत असेल म्हणून मी काचेतून पाहिलं. तो आत एकटा. समोर वाढलेलं ताट, वाफ निघतेय. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. चमच्याला हात नाही. नजरानजर झाली तशी त्याने मान खाली घातली. मध्येच उठून दाराकडे आला, बहुतेक आमच्यात यायला, तर गार्लंडने दार धरलं. "नाही नाही एस्टिल, तुला बाहेर उभं करायचं नाही. नियम आहे. तू आत बस."

आम्ही आत आलो तेव्हा सगळ्यांचं कालवण गार. लोकांच्या नाकातून पाणी. ओसी त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बसा महाराज, जेवा. तुमच्यासाठी देवाला घराबाहेर काढलंय."

मी वातावरण हलकं करायला पळीने झाकणावर दोन टोले दिले. तो आतच होता, तरी दिले. त्याने विचारलं नाही, काय म्हणाला देव. म्हणाला, "व्हर्डी, आजवर मी माझ्या पायांनी बाहेर जात होतो." आणि पातेली न घासता गेला.

पोट बिघडलं असेल. नव्या चुलीवर बीन्स जरा जास्त शिजतात.

मंगळवार, १६ डिसेंबर

वर्तमानपत्रात आमचा फोटो! रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी काढलेला. बर्फात प्रार्थना करणारी भोळी माणसं, असं खाली छापलंय. ओसी मधोमध, डोळे मिटून. माझा कोपर आलाय. अगदी स्पष्ट, निळा कोट. केलिनला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मॅमॉ, तो कोपर मी फ्रेम करीन."

दूरदूरहून लोक चर्चला देणगी पाठवतायत. गार्लंडने गाडी घेतली, म्हाताऱ्यांना आणायला. मात्र येणारे म्हातारे कमी झालेत. थंडीत पायरीवर उभं राहायला नको वाटतं, आणि आत बसून राहिलं तर ओसी बघते.

एस्टिल आलेला नाही. लोक म्हणतात की त्यानेच सरकारकडे तक्रार केली, मला बाहेर थंडीत उभं करतात म्हणून. मी ओसीला म्हटलं, "अगं त्याने काही केलं नाही, मीच बाईंना खिडकीतून दाखवलं त्याला." ती म्हणाली, "तू साधी आहेस व्हर्डी. तुला लोक कळत नाहीत." असेल. त्याच्या पत्रपेटीवर कुणीतरी काळ्या रंगाने 'यहूदा' लिहिलंय, येशूला दगा देणारा तो. मी घासून पाहिलं, जात नाही. चांगला रंग असणार.

गुरुवार, ८ जानेवारी

नळ गोठलेत. अशी थंडी मला तरी आठवत नाही. मी भरलेला डबा घेऊन एस्टिलकडे चढून गेले. डब्याच्या झाकणावर चमच्याने दोन टोले दिले. आतून खोकला ऐकू आला, बराच वेळ. मग दार फटीएवढं उघडलं. घरात धूर भरलेला. चेहरा राखेसारखा.

म्हटलं, "चल की रे. भट्टी चालू आहे, खुर्ची तुझी तशीच आहे."

"तुम्ही प्रार्थनेला आत जा, मी बाहेर जातो. पहिल्यासारखं. मग येतो."

"ते चालत नाही आता. नियम आहे."

"मग मी कुणाला बाहेर काढून आत बसणार नाही."

"अरे मेल्या, जीव जाईल तुझा इथे."

"जाईल तेव्हा ओसी सगळ्यांत आधी येईलच," म्हणाला आणि हसला, पण हसताना एवढा खोकला की दाराला धरलं. डबा घेतला. डबा घेतला म्हणजे राग गेला.

मी लगेच गार्लंडला गाठलं. म्हटलं, त्याला पायरी परत दे. तो म्हणाला, "मावशी, तो पुन्हा बाहेर उभा दिसला तर पैसे जातील. भट्टी जाईल. मग बाकीच्यांनी काय करायचं?" खरंच आहे. गार्लंडला केवढा विचार करावा लागतो सगळ्यांचा.

रविवार, ११ जानेवारी

चर्चमधून येताना एस्टिलच्या व्हरांड्यात गरम पाव ठेवून आले, पत्र्याच्या डब्यात. दार वाजवलं तर आतून म्हणाला, "जा व्हर्डी, झोपू दे." आवाज अगदी बारीक. झोपेत असेल तर तसाच येतो. आमच्या ह्यांचा पण यायचा.

गुरुवार, १५ जानेवारी

पाहुणे पुन्हा आले, न सांगता! मी नेमका जुना एप्रन घातलेला.

व्हिटेकर बाई पायरीवर येऊन आमच्यापाशी थांबल्या. भजन संपलं तशा म्हणाल्या, "तुम्ही सगळे बाहेर का उभे?"

गार्लंड म्हणाला, "तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"मी? मी सांगितलं वेगळं ठेवा. वर एवढं चर्च रिकामं आहे. नाहीतर जेवणाआधी अर्धा तास इथेच करा, ज्याला यायचं तो येईल. आणि त्या चित्रावर चादर कशाला?"

गार्लंडचा चेहरा लाल झाला. ओसी आपल्या बुटांकडे बघत राहिली. मी म्हटलं, चला, एवढे दिवस हवा तर खाल्ली.

मग बाईंनी विचारलं, "ते गृहस्थ कुठे आहेत? पायरीवरचे?" त्यांच्या वरिष्ठांनी एस्टिलचा फोटो पाहिलाय म्हणे. आता त्याचाच दुसरा फोटो हवाय, आत, ऊबेत, ताटावर बसलेला. आधी आणि नंतर. तो मिळाला की पुढच्या वर्षीच्या पैशांचं काम पक्कं.

मी धीर करून विचारलं, "बाई, आणि तो आपण होऊन बाहेर जात असेल तर? त्याची तशी पद्धतच असेल तर?"

बाई म्हणाल्या, "आपल्या मर्जीने? आजी, मग त्यांनी हवं तिथे उभं राहावं. त्याला सरकार कोण अडवणार?"

मला नाचावंसं वाटलं! गुडघे आडवे आले म्हणून, नाहीतर नाचलेच असते. म्हणजे सगळं पहिल्यासारखं. आम्ही आत, तो पायरीवर, मग दोन टोले, मग ताट. मी बाईंना शब्द दिला की एस्टिल येणार म्हणजे येणार. त्यांनी यायचा दिवसही सांगितला.

गार्लंड तडक नवी गाडी घेऊन वर गेला. एवढ्या वर्षांत एस्टिलच्या दारात पास्टर पहिल्यांदाच. परत येऊन म्हणाला, "हॉर्न वाजवला, हाका मारल्या, उघडतच नाही. चिमणीतून धूरसुद्धा नाही." म्हटलं, "कोळसा वाचवत असेल. जन्मभर कोळसा खणला आणि स्वतःच्या शेगडीला घालताना मोजून घालतो."

शनिवार, १७ जानेवारी

काठी घेऊन मीच चढले. बर्फावर कुणाचं पाऊल नाही, गार्लंडच्या बुटांखेरीज, आणि तेही पायरीपर्यंतच. दाराबाहेर माझा रविवारचा पत्र्याचा डबा तसाच. पाव दगडासारखे गोठलेले. आता एवढा राग! माझ्या पावांवर त्याने आजवर कधी राग काढला नव्हता.

मी दारापाशी तोंड नेऊन ओरडले, "एस्टिल, जिंकलास तू! तुझी पायरी तुला परत मिळाली! राजधानीची बाई स्वतः म्हणाली!" मग डब्याच्या झाकणावर दोन टोले दिले. थांबले. पुन्हा दोन दिले.

खोकलासुद्धा नाही. विश्रांतीने छाती सुधारली म्हणायची.

खिडकीवर आतून बर्फ धरलंय, दिसत काही नाही. नवे पाव ठेवले, जुने उचलले.

सोमवार, १९ जानेवारी

केलिनचा फोन. तिला सगळं खुशीने सांगत होते तर मध्येच म्हणाली, "मॅमॉ, तू त्याला शेवटचं कधी पाहिलंस? डोळ्यांनी?"

"पाहिलं म्हणजे, बोलला की रविवारी. या नाही, त्याच्या आदल्या."

"मॅमॉ, आत्ता कुणालातरी घेऊन जा आणि दार फोडा."

"दार फोडा? आणि मग तो माझ्याशी जन्मभर बोलणार नाही! कसला मानी माणूस आहे, तुला माहीत नाही." पोर शिकली आणि घाबरट झाली. ती शेरीफला फोन करते म्हणाली. मी म्हटलं, "कर बाई, पण त्यांना सांग, बूट झटकून आत जा. आणि एस्टिलला म्हणावं, तोंड धुऊन ठेव, फोटो आहे."

सफरचंदाचा थरांचा केक केला आज. तो दोन-तीन दिवस मुरला की मऊ पडतो, म्हणून आधीच. चादर काढून येशूचं चित्र पुसलं. एस्टिलची खुर्ची भट्टीपाशी लावली, पळी आणि मोठं झाकण दाराजवळच्या खिळ्याला टांगलं. आता तो आत येऊन विचारेल, काय म्हणाला देव, आणि या खेपेला मी काहीतरी नवीन उत्तर देणार आहे. अजून सुचलं नाही.

लिहिता लिहिता खिडकीतून बघते तर ओसी. कोटाची बटणंही न लावता वरच्या वळणाकडे चाललीय, जवळजवळ पळतच. तिला पण केकचा वास लागला असेल, पण मग ती त्या बाजूला कशाला जाईल?

व्हिटेकर बाई आणि फोटोवाला येणार तो दिवस: गुरुवार, २२ तारीख.